रंगाला गेलेली सायकल

नंदुरबार जिल्ह्यात दोन ओळखीची माणसं रस्त्यात भेटली की चौकशीचा क्रम ठरलेला असतो. आधी पाऊस, मग मिरचीचा भाव, मग पोरीच्या लग्नाचं कुठवर आलं. पहाटे उठून सायकली दामटणाऱ्या मंडळींनी त्यात चौथ्या कलमाची भर घातली आहे. "नाना, सायकल उनी का?" आणि नाना गेल्या दिवाळीत दिलेलं उत्तर याही दिवाळीत देतात, "नही रे भो, रंगाले गयी शे."

नाना म्हणजे कोणी एक माणूस नव्हे, तो एक नमुना आहे. शहाद्यात तो दवाखाना चालवतो, नंदुरबारात त्याचं कापडाचं दुकान असतं, तळोद्यात तो मास्तर असतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. साखर थोडी वाढलेली, उत्साह त्याहून जास्त. घरात दोन चांगल्या सायकली आधीच उभ्या, त्यातली एक बाल्कनीत आणि दुसरी, घरात जिचा उल्लेख टाळला जातो ती, देवघराच्या भिंतीला टेकून. थंडीच्या दिवसांत हे लोक उजाडायच्या आत प्रकाशा गावाच्या रस्त्याला लागतात. वाटेत लाल मिरचीची पथारी आली की अख्खी रांग एकदम शिंकते. शिंकेच्या आवाजावरून पुढचा माणूस किती अंतरावर आहे ते कळतं. रविवारी धाडस वाढलं तर तोरणमाळ. सुमारे ११५० मीटर उंचीवरच्या त्या गावाला नेणारा सात पायरी घाट चढताना प्रत्येक नानाला एकच साक्षात्कार होतो, तो म्हणजे दोष पायांचा नाही, सायकलचा आहे.

इथून पुढचं सगळं रामायण या साक्षात्कारातून घडतं.

तयार सायकल दुकानात लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. नानांच्या मते आपण या तिन्हींत बसत नाही. मांड्या लांब, धड आखूड, डावा खांदा कधीकाळी कबड्डीत उतरलेला. अशा शरीराला हवी ती हाताने बनवलेली, मापाबरहुकूम सायकल. मग परदेशातला एखादा कारागीर शोधला जातो. एका शेडमध्ये एकटा बसून तो वर्षभर फ्रेमा जोडत असतो. त्याच्याकडून माप पाठवायची सूचना येते आणि नाना दिवाणखान्यात भिंतीला पाठ लावून, पायांत जाडजूड पुस्तक धरून उभे राहतात. सौभाग्यवती टेप धरतात. "हे माप सुनेच्या ब्लाउजला घेतलं असतं तर आत्तापर्यंत शिवून आला असता," एवढं एकच वाक्य त्या बोलतात. ते पुढे बरीच वर्षं खरं ठरत राहतं.

आता कारागिराची बाजूही पाहायला हवी, कारण वेळ लागतो हे काही ढोंग नाही. चांगल्या पोलादी फ्रेमची नळी बाहेरून सरळ दिसली तरी आतून सारखी नसते. टोकांना तिची जाडी साधारण ०.८ मिलिमीटर, तर मधल्या भागात ०.५. जोड जिथे द्यायचा तिथे ताकद हवी, मधे वजन कमी हवं. अशी नळी ओढण्याची पद्धत इंग्लंडातल्या रेनॉल्ड्स घराण्याने १८९७ मध्ये पेटंट केली आणि १९३५ मध्ये याच कंपनीची '५३१' नावाची मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी आली. आजही म्हाताऱ्या सायकलवाल्यांपुढे हा आकडा उच्चारला तर ते क्षणभर गप्प होतात. या नळ्या कानशीने घासून, एकमेकींच्या गोलाईत तंतोतंत बसवून, पितळेच्या किंवा चांदीच्या मिश्रधातूचा डाग देऊन जोडायच्या. आच जास्त झाली तर नळी जळते, कमी झाली तर डाग आत उतरत नाही. कोन अर्ध्या अंशाने बदलला तरी हँडलचा स्वभाव बदलतो. हे काम घाईने करणारा कारागीर असेल तर त्याच्याकडे वाट पाहणाऱ्यांची यादीच लागत नाही.

आपल्याकडे या धंद्याविषयी फार पूर्वीच इशारा देऊन ठेवलेला आहे. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा.' म्हण करणाऱ्याने सायकल पाहिलेली नसावी, पण सायकल बनवणारा या तिघांचा अर्क असतो. माप तो शिंप्यासारखं घेतो, चांदीचा डाग सोनारासारखा देतो आणि कोणाचा नंबर कितवा याचं दप्तर कुलकर्ण्यासारखं स्वतःजवळ ठेवतो. तिघांकडे वेगवेगळे हेलपाटे घालून जी सहनशक्ती मराठी माणसाने कमावली, ती इथे एकाच दारात खर्ची पडते.

उत्तरंही तिघांचीच. शिंप्याकडे गेलं की फक्त काज-बटण राहिलेलं असतं. सोनाराकडे दागिना पॉलिशला गेलेला असतो. चावडीवर साहेबांची सही तेवढी बाकी असते. या तिन्ही उत्तरांची खुबी अशी की काम जवळजवळ संपलंय असं वाटतं आणि ते सुरूच झालेलं नाही हे कळत नाही. सायकलच्या धंद्यातलं चौथं उत्तर 'रंगाला गेलीय'. रंगारी वेगळा, त्याचं गाव वेगळं, त्याच्याकडची यादी वेगळी. तिथे पावसाळा असेल तर रंग वाळत नाही आणि उन्हाळा असेल तर रंगारी सुट्टीवर असतो. अनुभवी नाना या उत्तराने खट्टू होत नाहीत. "म्हणजे फ्रेम झाली!" म्हणून सगळ्यांना चहा पाजतात. नवशिका मात्र विचारतो, "आणि गेल्या वर्षी पण रंगालाच गेली होती ना?" अशा माणसाला पुढच्या रविवारी निरोप जात नाही.

हा केवळ खानदेशी भोळेपणा आहे असं कोणी समजू नये. अमेरिकेत पोर्टलंड शहरात साशा व्हाइट यांच्या 'व्हॅनिला बायसिकल्स'ची यादी पाच वर्षांच्या पुढे गेली, तेव्हा त्यांनी नवी नावं घेणंच बंद केलं आणि जरा लवकर हातात पडतील अशा सायकलींसाठी 'स्पीडवॅगन' नावाचं दुसरं काम सुरू केलं. रिचर्ड सॅक्स यांनी १९७० च्या दशकात लंडनमधल्या एका कारखान्यात काम शिकून अमेरिकेत स्वतःच्या नावाने फ्रेमा बनवायला घेतल्या. सगळं काम एकट्याच्या हाताने, हाताखाली कोणी नाही. त्यांच्याकडचा प्रतीक्षेचा काळही काही वर्षांवर गेला आणि तिथेही दार लावून घ्यावं लागलं. हिशोब अगदी सोपा आहे. एक माणूस आठवड्याला एक फ्रेम या गतीने चालला, मधे आजारी पडला नाही, मुलीच्या लग्नाला गेला नाही, तर वर्षाला पन्नास फ्रेमा होतात. यादीत दोनशे नावं असली की शेवटच्याला चार वर्षं थांबावं लागतं. लुधियानातल्या मोठ्या कारखान्याला दोनशे सायकली म्हणजे चहाच्या सुट्टीआधीचं काम, पण लुधियानाला नानांच्या डाव्या खांद्याबद्दल काही माहीत नाही.

यादीत नाव असण्याची चव महाराष्ट्राने आधीही चाखलेली आहे. १९७२ मध्ये आकुर्डीच्या बजाज ऑटोची 'चेतक' स्कूटर आली आणि परवान्यांच्या त्या काळात नंबर लागायला दहा-दहा वर्षं जाऊ लागली. नाव नोंदवताना नवरदेव असलेला गृहस्थ स्कूटर घ्यायला जाताना मुलाला पुढे उभं करून आणायच्या तयारीने जाई. स्कूटरची पावती हा स्थळाच्या माहितीतला भाग होता. गंमत अशी की स्कूटरला ज्या घोड्याचं नाव दिलं, त्याच चेतकच्या नावाने आज शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला, तापीच्या काठी, दत्तजयंतीच्या यात्रेत 'चेतक फेस्टिव्हल' भरतो. तिथल्या घोडेबाजारात लाखांचे सौदे उभ्याउभ्या होतात. दात पाहायचे, चाल पाहायची, पैसे मोजायचे आणि लगाम हातात. खरा चेतक संध्याकाळपर्यंत दारात येतो. पत्र्याच्या चेतकला दहा वर्षं लागली आणि पोलादी नळ्यांच्या सायकलला किती लागतील हे अजून रंगाऱ्यालाही सांगता येत नाही. गटातल्या एकाने नानांना गंभीरपणे सुचवलं, "घोडाच घ्या. त्याला रंग देवाकडूनच येतो."

सगळ्यात मोठा विनोद मात्र घड्याळाचा आहे. हे लोक 'ब्रेव्हे' नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या करतात. आपल्या देशात 'ऑडॅक्स इंडिया रँडोन्यूअर्स' ही संस्था त्या चालवते. नियम कडक. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. एक मिनिट उशीर झाला तरी खेळ खलास. त्यामुळे नाना वाटेतल्या हॉटेलात चहा येईपर्यंत थांबत नाहीत, पोहे उभ्याने खातात, चिल्लर सोडून देतात. एरवी मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणारा हा माणूस सायकलसाठी मात्र वर्षं ओंजळीने देतो. त्यांचं अंतिम स्वप्न पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किलोमीटर नव्वद तासांत. ही फेरी चार वर्षांतून एकदाच होते. २०१९ साठी मागवलेली सायकल २०२३ ला मिळाली तरी उशीर झाला असं कसं म्हणायचं? ती पुढच्या फेरीच्या वेळेवर आली.

डॉक्टर-नानांची अवस्था पाहून तर गावात समाधान पसरतं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. तेव्हापासून उत्तर महाराष्ट्रात डॉक्टर आणि सायकल हे समीकरण कोणाला विचित्र वाटत नाही. पण वर्षानुवर्षं रुग्णांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवणारे डॉक्टरसाहेब जेव्हा "फक्त एक छोटा निरोप होता, गडबड नाही" असं तिसऱ्यांदा खोडून चौथ्यांदा लिहितात, तेव्हा कंपाउंडर तोंडावर रुमाल धरून आत जातो. कारागिराला किती वेळा विचारावं याचे संकेत आहेत. दिवाळीच्या शुभेच्छा चालतात. नववर्षाच्या शुभेच्छा चालतात. नुसतं 'सायकलचं काय झालं' हे चालत नाही, कारण कारागीर रागावला तर नंबर मागे जातो अशी दंतकथा आहे. म्हणून आयुष्यात मेव्हण्याला कधी वाढदिवसाच्या शुभेच्छा न दिलेले नाना त्या परदेशी शेडमधल्या माणसाच्या कुत्र्याची विचारपूस करतात.

दरम्यान शरीर काही यादीत नसतं. माप दिलं तेव्हाचे नाना आणि आत्ताचे नाना यांच्यात मधल्या काळातली लग्नं, बारशी आणि घरच्या तुपातली मांडे-पुरणपोळी येऊन बसलेली असते. शिंपी निदान शिलाईत दोन बोटं कापड आत दुमडून ठेवतो, पुढे उसवता येतं. पोलादाला उसवायची सोय नाही. ज्या माणसासाठी सायकल बनते आहे तो आता या जगात नाही, अशी दुःखद परिस्थिती निर्माण होते. मग नाना आहार सुरू करतात. सायकल चालवून बारीक व्हायचं हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. सायकल यायच्या आत बारीक व्हायचं, हा त्यांनी स्वतः लावलेला शोध.

गटात पैजाही लागतात. आधी सायकल येईल की आधी घाटाजवळचे खड्डे बुजतील, यावर मंडळी दोन्ही बाजूंनी पैसे लावायला तयार असतात. निकाल लागणार नाही याची खात्री असल्याने रक्कम मोठी बोलता येते. दुसरा वाद असा की खोकं आलंच तर कुठे उतरवायचं. नवापूरचं रेल्वेस्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एकाच बाकड्यावर दोन राज्यं बसतात. नानांची सायकल तिथे आडवी उतरली तर पुढचं चाक एका राज्यात आणि मागचं दुसऱ्या राज्यात, मग ब्रेक कोणत्या सरकारचा लागू होईल?

कोणीतरी मग सातपुड्याकडे बोट दाखवतं. एवढा बांबू डोळ्यांसमोर उभा असताना नळ्या साता समुद्रापलीकडून कशाला? ही सूचना वाटते तितकी खुळी नाही. बांबूच्या सायकली इंग्लंडात १८९४ मध्ये लोकांसमोर आल्या होत्या. नंतर त्या विस्मृतीत गेल्या आणि १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियाचे क्रेग काल्फी यांनी त्या पुन्हा वर काढल्या. कारण असं की त्यांच्या लुना नावाच्या कुत्रीने बांबूचा तुकडा मनसोक्त चघळूनही तो तिला मोडता आला नाही. सायकलच्या इतिहासात एवढी कसून घेतलेली परीक्षा दुसरी नसेल. आपल्याकडे पुण्यात हवाई दलातून निवृत्त झालेले शशिशेखर पाठक 'बांबूची' या नावाने हाताने बांबूच्या सायकली बनवतात. वाहनात त्यांनी आकाशातून जमिनीवर यायची हिंमत दाखवली आहे.

पण बांबूचीही स्वतःची चावडी आहे. शास्त्रानुसार तो गवत, तरी १९२७ च्या भारतीय वन कायद्यात तो झाड म्हणून नोंदलेला होता. वनक्षेत्राबाहेर वाढणाऱ्या बांबूला गवत व्हायला २०१७ ची दुरुस्ती यावी लागली. नव्वद वर्षं. शिवाय कापलेला बांबू लगेच सायकल होत नाही. भुंगा लागू नये म्हणून प्रक्रिया करायची, सावलीत महिनोन्महिने वाळवायचा, सारख्या जाडीचे तुकडे निवडायचे, सांध्यांना राळेत भिजवलेले धागे गुंडाळायचे आणि ते सुकू द्यायचे. नानांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे इथेही यादी आहे?" "आहे." "मग ठीक आहे. नाव घाला." एकाच वेळी दोन याद्यांत असणं, ही त्या वर्तुळात फार वरची पायरी मानतात.

या सगळ्या थट्टेत एक गोष्ट गटातला प्रत्येकजण मनात ठेवून असतो. वाट पाहायला मजा येते कारण वाट पाहताना बुडाखाली दुसरी सायकल आहे. याच जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. राज्यातल्या १२५ तालुक्यांत ही योजना आहे. तिथे कोणी मांडी मोजत नाही. एकच माप, धडगावच्या चढावरच्या मुलीलाही तेच आणि शहाद्याच्या सपाटीवरच्या मुलीलाही तेच. बारकीचे पाय आठवीत पुरत नाहीत, दहावीत पुरतात. सायकल तीच राहते आणि माप मुलगी वाढून पूर्ण करते. आधीच्या पिढीतही दुसरं काय होतं? बाविशी की चोविशी एवढाच दुकानदाराचा प्रश्न असायचा आणि पोरं दांडीखालून पाय घालून तिरक्या अंगाने तीच शिकायची. मास्तरांच्या त्या काळ्या सायकलवर गावातली निम्मी पोरं गुडघे फोडून मोठी झाली.

आणि हातची, मापाबरहुकूम सायकल बाजारात नव्हतीच असंही नाही. दुधवाल्याची सायकल पाहावी. दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे आकडे लोहाराकडून घडवून घेतलेले, भार मागे येतो म्हणून मागचे आरे जाड. धार लावणाऱ्याची सायकल पाहावी; स्टँडवर चढवली की पायडलवर सहाणेचं चाक फिरतं, म्हणजे एकाच फ्रेममध्ये वाहन आणि कारखाना. कुल्फीवाल्याची, पाववाल्याची, तीन चाकांची हाताने फिरवायची. प्रत्येक सायकल मालकाच्या धंद्याचं माप घेऊन बनलेली. त्यांचा कारागीर कोपऱ्यावरच्या टपरीत बसतो, त्याच्याकडे यादी नाही आणि नळीच्या जाडीवर तो भाषण देत नाही.

नानांची सायकल अखेर येते. खोकं उघडायला गट जमतो, पेढे येतात, सौभाग्यवती लांबून ओवाळल्यासारखं करतात. रंग अपेक्षेपेक्षा जरा फिका आहे हे सगळ्यांना दिसतं आणि कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी चाकात हवा बघून घ्यायच्या निमित्ताने नाना ती कोपऱ्यावरच्या मिस्तरीकडे नेतात. तो तिच्याभोवती एक फेरी मारतो, दोन बोटांनी उचलून पाहतो.

"नाना, हिच्यात माल काही घातलेलाच नाही. केवढ्याला पडली?"

नाना खऱ्या किमतीचा चौथा हिस्सा सांगतात. मिस्तरीच्या हातातला पान्हा खाली पडतो.

"आणि स्टँड नाही? घंटी नाही? मडगार्ड, कॅरिअर, काहीच नाही? बाजारात गेलात तर पिशवी कुठं ठेवणार?"

नाना वजनाचं, वाऱ्याचं, घाटाचं शास्त्र समजावू लागतात. मिस्तरी तोवर मागच्या चाकाचं माप वितीने घेऊन मोकळा झालेला असतो. "सळईचं कॅरिअर वळून देतो, वर एक क्लिप लावतो. तासाभराचं काम आहे." मग तो पान्ह्याने कोपऱ्यातल्या बाकाकडे खूण करतो.

"बसा तिथं. तुमच्या आधी दोन पंक्चर आहेत."